इरलं कोणी घातलं होतं

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या बारा मुलांनी बारा प्रदर्शनांचे आराखडे काढले आणि बाराही काळ्या भिंतींचे निघाले. विषय ज्याने त्याने आपापला निवडला होता. कोणी मसाल्यांचा, कोणी जुन्या रेडिओंचा, कोणी हातमागाचा. पण सगळीकडे तोच काळोखा बोळ, वरून पडणारा प्रकाशाचा गोल, त्या गोलात एकटी वस्तू आणि भिंतीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एखादं भारदस्त वाक्य. ते वाक्य कोणाचं, हे ज्याने लिहिलं त्यालाही सांगता येत नव्हतं.

मी आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवत होते. चौथ्या वर्षाला प्रदर्शनाची रचना हा विषय माझ्याकडे होता. मुलं हुशार होती, हात चांगले होते, मॉडेलं तर अशी करायची की दुसऱ्या वर्गांतली मुलं बघायला यायची. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, हे बघायला कोण येणार? उत्तर आलं, लोक. कोण लोक? एकजण म्हणाला, व्हिजिटर्स. त्याच्या पलीकडे कोणी गेलं नाही.

त्याच सुमारास एका लग्नासाठी मी रोह्याला गेले. रोहा माझं माहेर. पंगतीत माझ्या शेजारी मला चौथीला शिकवलेले गुरुजी बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बसणं अजून ताठ. त्यांनी सांगितलं की शाळेतली एक लांबलचक खोली रिकामी पडून होती, तिच्यात त्यांनी शेतीच्या जुन्या वस्तू जमवल्यात. घरोघर हिंडून, माळ्यांवर चढून, विनवण्या करून. लोक बघायला येतात, पण एक फेरी मारतात आणि निघून जातात. काय चुकतंय ते कळत नाही, म्हणाले. मग भाताची मूद मोडता मोडता त्यांनी विचारलं, "तुझी मुलं येऊन बघतील का गं?"

जिलेबी वाढायला माणूस आला, तरी माझं लक्ष नव्हतं. डोक्यात बेत सुरू झाला होता. खरी खोली, खऱ्या वस्तू, खरी माणसं. लग्नाहून परतताना मी एका जुन्या आमंत्रणपत्रिकेच्या मागे दहा दिवसांचं वेळापत्रक लिहून काढलं. कॉलेजने परवानगी द्यायला वेळ लावला, पण दिली.

जानेवारीत आम्ही दिव्याहून रोह्याच्या गाडीत बसलो. मोबाइल अजून मुलांच्या हातात आले नव्हते, त्यामुळे बाराही जण खिडकीला चिकटून होते. पेण गेलं, कासू गेलं. भात कापून झालेल्या शेतांत वाल उभा होता. विदर्भातून आलेली एक मुलगी होती, वर्गात फारशी न बोलणारी. तिने मला विचारलं की पावसाळ्यानंतर पाणी न देता हे कसं उगवतं? जमिनीतल्या ओलीवर, मी सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची.

गुरुजींची खोली बघितल्यावर मुलांच्या चेहऱ्यांवर काय आलं ते मला दिसलं. भिंतीला टेकवलेले नांगर, ओळीने. काचेच्या दोन कपाटांत कोयते, विळे, मापं, कोयता अडकवायची कमरेची लाकडी आकडी. भिंतीवर खिळ्यांना सुपं आणि टोपल्या. समोरच्या भिंतीच्या मधोमध, शोभेच्या जागी, एक इरलं. बांबूच्या काड्या आणि पानं विणून केलेलं, होडीसारखं, लावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घ्यायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ भिजत नाही. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्याची पाटी. गुरुजींचं अक्षर सुंदर, शाळेच्या फळ्यावरचं.

आमच्यातला एक उंच मुलगा चित्रकलेत सगळ्यांच्या पुढे होता. तासाभरात त्याने सबंध खोलीचा नवा आराखडा काढून माझ्यापुढे ठेवला. इरलं तारेने हवेत टांगलेलं, खाली अंधार, वर दिवा. चित्र खरोखर देखणं होतं. मी ते बघितलं आणि सगळ्यांच्या पेन्सिली मागून घेतल्या. दोन दिवस कोणी काही काढायचं नाही. फक्त कोपऱ्यात बसायचं आणि येणाऱ्या माणसांकडे बघायचं. कोण थांबतं, कुठे थांबतं, काय बोलतं, कशाकडे पाठ करतं. उंच मुलगा नाराज झाला. तो म्हणाला की आम्ही आर्किटेक्ट व्हायला आलोय, पहारेकरी व्हायला नाही. बाकीचे हसले. पण बसले.

दोन दिवसांत माणसं बरी आली. शाळेची मुलं मधल्या सुट्टीत, बाजाराला आलेल्या बायका, धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून घरी निघालेले पुरुष. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गोल करून बसलो आणि ज्याने जे बघितलं ते सांगायला लागला. लोक नांगरासमोर थांबत नाहीत, खिडकीशी थांबतात. लहान मुलांना कपाटातलं दिसतच नाही, ती एकमेकांना उचलून घेतात. कंपनीतल्या दोघांनी एका सुपाकडे बघून आईची आठवण काढली आणि तिथेच गप्पा मारत उभे राहिले.

शेवटी ती विदर्भातली मुलगी बोलली. तिच्या वहीत दोन पानं भरली होती. ती म्हणाली की माणसं पाट्यांवरचं वस्तूचं नाव वाचत नाहीत. ते त्यांना ठाऊकच असतं. ती खालची ओळ वाचतात, 'सौजन्य' म्हणून जिथे देणाऱ्याचं नाव आहे ती. ज्यांना आपलं किंवा ओळखीच्या घराचं नाव सापडतं ती रेंगाळतात, दुसऱ्यांना बोलावून दाखवतात. ज्यांना सापडत नाही ती भराभर चालत जातात. तिने मोजून बघितलं नव्हतं, पण दोन्ही दिवस तेच झालं होतं.

इतकी वर्षं शिकवताना मला ज्या जागी पोचायचं होतं, तिथे ही मुलगी दोन दिवसांत, पुठ्ठ्याच्या पाट्या बघून, स्वतः पोचली होती. मी तिचं कौतुक केलं नाही, कारण केलं असतं तर बाकीचे गप्प झाले असते. मी एवढंच म्हटलं की यावर रात्री विचार करा, उद्या आपण पेणला जातोय.

पेणला मी त्यांना गणपतीच्या एका कारखान्यात नेलं. जानेवारीतही तिथे काम जोरात होतं. फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती ओळीने सुकत होत्या, आणि मुलांना पहिल्यांदा ते गोदाम वाटलं. पण थोडं थांबल्यावर त्यांना दिसायला लागलं की इथली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी हातासाठी लावलेली आहे. रंगाची वाटी कुठे, ओली मूर्ती कुठे, वारा कुठून, उजेड कुठून. बघणाऱ्यासाठी इथे काहीच मांडलेलं नव्हतं, तरी बघत राहावंसं वाटत होतं. का, यावर मुलांची कुजबुज सुरू झाली.

एक बाई डोळ्यांची आखणी करत होत्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी एका मूर्तीचे डोळे रेखले, ती उचलून एका उंच स्टुलावर ठेवली आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या. वर बघितलं. मग उभ्या राहिल्या, पुन्हा बघितलं. मग चक्क उकिडव्या झाल्या, हात गुडघ्यांभोवती, आणि तिसऱ्यांदा बघितलं. मग ब्रश घेऊन एका बुबुळाला केसाएवढी रेघ लावली.

उंच मुलगा पुढे झाला आणि त्याने विचारलं की तुम्ही हे काय केलंत. त्या म्हणाल्या की गणपती घरी मखरात उंचावर बसणार. जेवायला, भजनाला माणसं खाली बसतात. आरतीला उभी राहतात. आणि पोरं असतात.

"तिघांकडं पण बघायला हवा ना तो," त्या म्हणाल्या. "नायतर पोरं म्हणतात, बाप्पा माझ्याकडं बघतच नाय."

त्यांनी पुढची मूर्ती घेतली. आम्ही तिथे आणखी तासभर होतो. उंच मुलगा त्यांच्यापासून हलला नाही. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिला. मग म्हणाला की त्याने आजवर जेवढी प्रदर्शनं काढली त्या सगळ्यांत बघणारा एकच माणूस होता. तो उभा असतो, त्याची उंची पाच फूट नऊ इंच असते आणि तो एकटाच येतो. "मॅडम, तो मीच होतो," तो म्हणाला. आणि नागोठणं येईपर्यंत त्याने माझ्याकडून तिकिटाच्या मागे लिहायला पेन मागून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी मुलं एकमेकांचं बोलणं तोडून बोलत होती. कपाटं खाली आणायची, पाट्या बदलायच्या, खिडकीशी बाक ठेवायचा. गुरुजी खुर्चीवर बसून ऐकत होते, खुश होते. मीही खुश होते. तेवढ्यात ती विदर्भातली मुलगी उठली आणि इरल्याजवळ गेली. तिथली पाटी तिने मोठ्याने वाचली. खालच्या ओळीत माझ्या वडिलांचं नाव होतं.

ते नाव तिथे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत शिरताच मी ते बघितलं होतं आणि मनात बरं वाटलं होतं. आमचं घर जमीनवाल्यांचं. आजोबांच्या वेळी कसायला कुळं होती. कूळकायद्यात बरीचशी जमीन गेली, उरलेली वडिलांनी विकून टाकली, आणि आम्ही भावंडं मास्तर, वकील, इंजिनियर झालो. इरलं आमच्या माळ्यावर होतं. गुरुजी मागायला आले तेव्हा वडिलांनी ते दिलं.

तिने वळून विचारलं, "मॅडम, हे तुमच्या घरात कोणी घातलं होतं?"

तिच्या आवाजात खोच नव्हती. मी शिकवलेलाच प्रश्न ती विचारत होती. कोणासाठी, कोणाचं, कोण बोलतंय, कोण गप्प आहे. आल्या दिवसापासून मी हेच घोकून घेत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं बोलणं सोपं होतं, आजोबा घालायचे असं म्हटलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात कोणी घातलं नाही. आमच्या शेतात लावणीला जी माणसं यायची, त्यांच्यापैकी कोणीतरी घातलं असेल."

कोणी, तिने विचारलं. ती माणसं कुठल्या वाडीतून यायची ते मला माहीत होतं. माणसाचं नाव माहीत नव्हतं. त्या वाडीतल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही, हे मला त्या क्षणी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा कळलं.

गुरुजींना हे रुचलं नाही. ते म्हणाले की देणाऱ्याचे उपकार मानायला नकोत का? नाव लागतं म्हणून तर लोकांनी वस्तू दिल्या. नाहीतर हे सगळं कधीच चुलीत गेलं असतं. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, आणि मुलांनी ते उडवूनही लावलं नाही. उलट त्यावरच वाद पेटला. देणाऱ्याचं नाव काढायचं की ठेवायचं? वापरणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर काय लिहायचं? काहीच न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं का? मी मध्ये पडले नाही. मला थोडी लाज वाटत होती, पण त्याहून कितीतरी जास्त आनंद होता. वर्गात मला असा वाद कधीच ऐकायला मिळाला नव्हता, आणि तो सुरू व्हायला मी स्वतः अडचणीत सापडावं लागलं होतं. शेवटी उंच मुलगा म्हणाला की इथे बसून काय उपयोग, वाडीवर जाऊन विचारू या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इरलं भिंतीवरून उतरवलं आणि एसटीत घातलं. उभं मावेना, आडवं मावेना. शेवटी उंच मुलाने ते डोक्यावर घेतलं आणि तसाच मधल्या जागेत उभा राहिला. कंडक्टरने त्याच्याकडे बघून विचारलं की पाऊस कुठल्या स्टॉपवर आहे. अख्खी बस हसली. मागच्या सीटवरून एक म्हातारे म्हणाले की पोराने ते मागचं पुढे घातलंय.

वाडी नागोठण्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत होती. मी लहानपणी एकदाच गेले होते. एक आजी वालाच्या शेतात शेंगा तोडत बसल्या होत्या. मी कोणाच्या घरातली ते सांगितलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या की तुमच्या खाचरात आम्ही लय लावणी केली. मग त्यांची नजर इरल्याकडे गेली. उंच मुलगा ते दोन्ही हातांनी पुढे धरून उभा होता, खोलीत टांगलेलं असायचं तसंच, बाहेरची बाजू समोर.

"उलटं का धरलंस रं?" आजी म्हणाल्या. "ही पावसाची बाजू. आमची बाजू आतल्या अंगाला हाय."

त्यांनी ते त्याच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि आतून हात फिरवला. डोकं टेकतं त्या जागी काड्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या. तिथे एक चिंधी बांधलेली होती, धुळीने काळी पडलेली. आम्ही कोणी ती बघितली नव्हती. आजींनी थुंकी लावून बोटाने ती चोळली. खालून हिरवा रंग दिसला आणि बारीक तांबडी रेघ.

"लुगड्याचा काठ हाय," त्या म्हणाल्या. "बाईचं इरलं हाय ह्ये. डोस्क्याला रुततं म्हणून बांधलंन."

तुमचं का, असं त्या मुलीने विचारलं. आजी हसल्या. असंल, नसंल, म्हणाल्या. सगळ्यांची सारखीच असायची, आणि हिरव्या काठाचं लुगडं वाडीत निम्म्या बायकांकडे. मग कोणी काही सांगायच्या आत त्यांनी इरलं डोक्यावर घेतलं आणि शेतात वाकल्या. वाकल्याबरोबर ते त्यांच्या पाठीवर असं बसलं की आम्ही सगळे जवळ सरकलो. उभ्या माणसाच्या डोक्यावर जे बोजड, वेडंबागडं दिसत होतं ते वाकल्यावर अंगाचा भाग झालं. दोन्ही हात मोकळे. त्या हातांनी त्यांनी वालाच्या वेलांमध्ये रोपं लावायची खूण करून दाखवली, पाच-सहा पावलं मागे सरकत.

विदर्भातली मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन वाकली आणि खालून वर बघायला लागली. मग एकेक करत सगळे वाकले. मीही वाकले. आतून इरलं घरासारखं होतं. काड्यांची वीण, पानांतून झिरपणारा हिरवट उजेड, आणि कपाळापाशी ती चिंधी.

आजींनी ओंजळभर शेंगा प्रत्येकाला दिल्या. निघताना मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, सासरचं आणि माहेरचंही. प्रदर्शन लागेल तेव्हा या, म्हटलं. त्या म्हणाल्या, येकटी कशाला, बायांना घेऊन येते.

मग तीन दिवस शाळेतल्या त्या खोलीत जे चाललं त्याला काम म्हणायचं की दंगा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पेन्सिली परत दिल्या. उंच मुलाने इरलं छपराच्या वाशाला टांगलं, पण त्याच्या पहिल्या चित्रातल्यासारखं नाही. खाली, कमरेच्या जरा वर. बघायचं तर वाकून आत शिरावं लागेल आणि आत शिरलं की ती चिंधी डोळ्यांसमोर येईल. दोरी किती लांब ठेवायची यासाठी त्याने शाळेतली दुसरीची मुलं, शिपाईकाका आणि मला अशा सगळ्यांना आळीपाळीने वाकवलं. माझी पाठ धरली, पण मी तक्रार केली नाही.

पाट्यांचा तोडगा मुलीने काढला. प्रत्येक पाटीवर तीन ओळी. वस्तू कोणती. दिली कोणी. वापरली कोणी. जिथे ठाऊक नव्हतं तिथे तिसरी ओळ कोरी, आणि शेजारी दोरीला बांधलेला खडू, कारण पाट्या आता पुठ्ठ्याच्या नव्हत्या, शाळेतल्या जुन्या दगडी पाट्या होत्या. गुरुजींनी त्या अडगळीतून काढून दिल्या. देणाऱ्यांची नावं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली. कोऱ्या ओळींखाली त्यांनी पट्टीने रेघ मारून दिली. काचेची कपाटं मात्र उघडायला ते तयार नव्हते. वस्तू जातात, म्हणाले. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

प्रदर्शन रविवारी सकाळी उघडलं. नऊच्या सुमारास दारात टेम्पो थांबला आणि त्यातून आजी आणि त्यांच्याबरोबर दहा-अकरा बायका उतरल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. आम्ही ठरवलं होतं की डावीकडून सुरुवात करायची, आधी नांगरणी, मग पेरणी, मग लावणी, अशी शेतीच्या वर्षाची फेरी. बायका सरळ उजवीकडे गेल्या, जिथे सुपं होती. एकीने सूप खिळ्यावरून काढलं आणि पाखडायला लागली, नुसतंच, दाणे नसताना. दुसरीने दुसरं काढलं. दोघींत कुठलं सूप कोणाच्या हातचं विणलेलं यावर बोलणं सुरू झालं. उंच मुलगा धावत माझ्याकडे आला. त्याचा चेहरा पडला होता. मॅडम, हात लावतायत, म्हणाला. मी म्हटलं, लावू देत. मग त्याने स्वतः उरलेली सुपं खाली काढून द्यायला सुरुवात केली.

आजी कपाटापुढे थांबल्या होत्या. काचेतून त्या कमरेच्या आकडीकडे बघत होत्या. गुरुजी शेजारी उभे होते, हात पाठीमागे.

"गुरुजी," आजी म्हणाल्या, "ह्येला कोंडून ठेवलंय त्ये कशासाठी? पलून जाईल व्हय?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. गुरुजी हसले नाहीत. मला वाटलं, ते रागावले. पण त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली, कपाट उघडलं आणि आकडी स्वतःच्या हाताने आजींना दिली. आजींनी ती कमरेला बांधली, कोयता मागून घेतला, मागे न बघता एका झटक्यात आकडीत अडकवला आणि दोन पावलं चालून दाखवलं. हे बघायला शाळेची मुलं खिडकीतून आत उतरली.

मग गुरुजींना काय झालं, सांगता येत नाही. ते खुर्ची ओढून पाट्यांजवळ बसले आणि बायका सांगतील तशी तिसरी ओळ भरायला लागले. चिखल सारखा करायची ही फळी कोणाची, हा नांगर कोणी धरला, हे जू कोणाच्या बैलांचं. मध्येच थांबून ते विचारायचे, आडनाव काय, ऱ्हस्व की दीर्घ. एका बाईचं नाव त्यांच्याकडून चुकलं तेव्हा त्यांनी फडक्याने पुसून ते पुन्हा लिहिलं. त्या बाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी पाटीवर बोट ठेवून विचारलं की यातलं माझं नाव कुठलं, आणि मग तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या.

इरल्याखाली रांग लागली होती. वाकून आत शिरायचं, बघायचं, बाहेर यायचं. त्याच्या पाटीवर तिसरी ओळ लिहायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं की आपल्याला नाव माहीत नाही, पण बाई होती हे माहीत आहे. त्यांनी तसंच लिहिलं.

दुपारी सगळं शांत झाल्यावर ती विदर्भातली मुलगी आणि उंच मुलगा खिडकीजवळच्या बाकावर बसून भांडत होती. तिचं म्हणणं होतं की बायकांनी सुपं खाली काढली तेच खरं प्रदर्शन, आम्ही मांडलं ते नव्हे. त्याचं म्हणणं होतं की आम्ही इथे मांडलं म्हणूनच त्या इथे आल्या आणि खाली काढू शकल्या. दोघांनी मला न्याय करायला सांगितलं. मी नकार दिला. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं, आणि ते भांडण थांबू नये असं वाटत होतं.

कॉलेजात परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी मुलांकडे तयार नकाशे मागितले. मुलांनी फोटो, वह्या आणि दोरीच्या लांबीचा तक्ता पुढे ठेवला. त्यांनी मार्क फारसे चांगले दिले नाहीत. वर्षाअखेरीस मला विभागप्रमुखांनी बोलावून विचारलंही की दहा दिवसांत एकही नीट ड्रॉइंग कसं निघालं नाही. मी जे घडलं ते सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि पुढल्या वर्षी पुन्हा जायला मला परवानगी मिळाली.

पावसाळ्यात गुरुजींचं पत्र आलं. एका नांगराच्या तिसऱ्या ओळीवरून दोन घरांत वाद झाला होता. दोन्ही घरं सांगत होती की तो आमच्या आजोबांनी धरला. एकाने येऊन दुसऱ्याचं नाव पुसलं, दुसऱ्याने येऊन पहिल्याचं. गुरुजींनी विचारलं होतं की काय करू, पाटी काढून ठेवू का? मी ते पत्र नव्या वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांना म्हटलं, तुम्ही सांगा. दोन तास ती मुलं बोलत होती.

दिवाळीला मी रोह्याला गेले तेव्हा थेट शाळेत गेले. गुरुजींनी कोणाचाच सल्ला घेतला नव्हता. नांगराखाली दोन्ही नावं एकाखाली एक होती, त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, आणि त्याखाली चौथी ओळ होती, यावर अजून एकमत झालेलं नाही. मी ती वाचत उभी होते तेवढ्यात बाजारातून आलेलं एक जोडपं माझ्या मागे येऊन थांबलं. नवऱ्याने ओळ वाचली, बायकोला वाचून दाखवली, आणि ती दोघं तिथेच, नांगरासमोर, कोणाचं खरं असेल यावर बोलायला लागली.